‘मोकळी जमीन’ म्हणजे नेमकी कोणती? गिरण्यांच्या जागेचा हिशेब

गिरण्यांच्या जमिनींचा विषय निघाला की बोलणं लगेच टॉवर, मॉल आणि चौरस फुटाच्या दरावर जातं. माझ्या मते सगळ्यात आधी बघायला हवा तो विकास नियंत्रण नियमावलीतला एक शब्द: ‘मोकळी’. बंद गिरणीतली मोकळी जमीन कोणती, या प्रश्नाचं उत्तर दहा वर्षांत बदललं, आणि शहराच्या वाट्याला येणारी बागबगीच्यांची आणि घरांची जागा त्याबरोबर आटली. पुढे बंदराच्या, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या जमिनी विकासाला निघतील तेव्हाही हाच शब्द शोधावा लागणार आहे. म्हणून हा हिशेब आकड्यांसह मांडतो.

मुंबईत कापडगिरण्या ५८, त्यांची जमीन सुमारे ६०० एकर. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, दादर असा हा पट्टा, आणि थोड्या कुर्ल्याकडे. त्यांपैकी २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे होत्या, एक राज्याच्या महामंडळाकडे आणि बाकीच्या खासगी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत, वाजले ते निम्म्याशिम्म्या कामगारांसाठी. साचेखातं (विणकामाचं) बंद, रंगखातं बंद, आणि यंत्रांखालच्या जमिनीला मात्र दरवर्षी जास्त भाव.

१९९१ च्या नियमावलीत यासाठी नियम ५८ आला. लोक त्याला ‘एक तृतीयांशाचा नियम’ म्हणतात, पण प्रमाण सगळीकडे सारखं नव्हतं. ५ हेक्टरपर्यंतच्या जमिनीत ३३ टक्के महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, २७ टक्के म्हाडाला घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. ५ ते १० हेक्टरमध्ये ३३, ३४ आणि ३३. १० हेक्टरच्या वर ३३, ३७ आणि ३०. जमीन जितकी मोठी तितका म्हाडाचा वाटा जास्त आणि मालकाचा कमी. ही रचना विचारपूर्वक केलेली होती, कारण मोठ्या गिरणीच्या भोवती कामगारवस्तीही मोठी असते.

अडचण नियमाच्या रचनेतच होती. उभ्या इमारती तशाच ठेवून आतला वापर बदलायचा असेल, तर वाटणी करायची गरज नव्हती. वाटायची ती मोकळी जमीन आणि उरलेला चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम. त्यामुळे १९९० च्या दशकात काही मालकांनी शेड न पाडता आत दुकानं, कार्यालयं, करमणुकीची ठिकाणं सुरू केली. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये बोलिंगचा खेळ आला तो याच काळात. शेड पाडली तर तिच्याखालची जमीन मोकळी होणार आणि वाटणीत जाणार, म्हणून पाडायची घाई कोणालाच नव्हती.

२००१ मध्ये नियम ५८ बदलला. वाटणी आता फक्त त्या जमिनीची, जी आधीपासूनच बांधकामाविना होती. शेड पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातून बाहेर, आणि तिच्यावरचं जुनं बांधीव क्षेत्र मालकाने नव्याने उभारायचं. कागदावर हा एखाद्या स्पष्टीकरणाएवढा बदल आहे. जागेवर काय होतं ते एका कल्पित गिरणीवर करून बघू.

समजा, गिरणीची जमीन ६ हेक्टर, म्हणजे १५ एकरांना थोडी कमी. कापडगिरणी पसरट असते. करवतीच्या दात्यांसारख्या छपराची एकमजली विणकामाची शेड, शेजारी कातणखात्याची तीनचार मजली इमारत, बॉयलरघर, धुराडं, कापसाची गोदामं. साडेचार हेक्टर जागा त्यांनीच व्यापली आणि आवार, रस्ते, झाडं, तळं मिळून दीड हेक्टर मोकळं राहिलं असं धरा. सगळी जमीन वाटणीत आली असती, तर महापालिकेला १.९८ हेक्टर, म्हाडाला २.०४ आणि मालकाला १.९८. नव्या व्याख्येने वाटायची फक्त दीड हेक्टर: महापालिकेला ०.४९५, म्हाडाला ०.५१, मालकाला ०.४९५ आणि त्यावर शेडखालची साडेचार. म्हणजे जवळपास ५ हेक्टर मालकाकडे, १ हेक्टर शहराकडे. चार हेक्टरांचं एक झालं.

अर्धा हेक्टर म्हणजे सव्वा एकर. मधल्या आकाराची एखादी बाग त्यात बसते, क्रिकेटचं मैदान बसत नाही. शिवाजी पार्क सुमारे २७ एकर आहे. सहाशे एकरांतला तिसरा हिस्सा मैदानांना मिळाला असता तर मुंबईच्या मध्यभागी सात शिवाजी पार्कांएवढी जागा उभी राहिली असती. सगळ्या गिरण्या एकाच वेळी विकासाला आल्या नव्हत्या, तेव्हा हा आकडा कमाल शक्यतेचा आहे, पण त्याचा आकार लक्षात ठेवावा असा आहे.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने या बदलाला आव्हान दिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा त्याचा अर्थ होता. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा नियम कायम राहिला.

तोवर लिलाव झालेले होते. २००५ मध्ये एनटीसीने पाच गिरण्या विकल्या: ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८०, एल्फिन्स्टन ४४१, मुंबई टेक्सटाइल ७०२ आणि दादरची कोहिनूर क्रमांक ३ ची जमीन ४२१. बेरीज २,०२० कोटी. यातली मुंबई टेक्सटाइलची जागा सात वर्षांनी, २०१२ मध्ये, पुन्हा विकली गेली ती २,७२७ कोटींना. मधल्या काळात त्या जमिनीवर फारसं उभं राहिलं नव्हतं. तिला वाढीव किंमत दिली ती शहराने, भोवतालच्या रस्त्यांनी, स्टेशनांनी आणि नियमांनी. म्हणून अशा विक्रीत पहिल्या बोलीकडे बघून खूश होणं घातक आहे. करारात पुढच्या विक्रीतल्या वाढीचा हिस्सा सार्वजनिक मालकाला मिळण्याची अट आहे की नाही, ते बघायला हवं.

विक्रीच्या पैशांसाठी मात्र एक चांगली तजवीज होती. रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येतात अशा वेगळ्या खात्यात, ठेवायची, कामगारांची देणी त्यातून चुकती करायची, आणि देखरेखीला निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती. पुढच्या कोणत्याही प्रकल्पात हे खातं आणि ही समिती मागून घ्यावी. समितीचे आदेश लोकांना वाचायला मिळावेत, एवढी अट त्यात जोडावी.

आता घरांकडे. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधून सोडत काढायची पद्धत पडली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस, पात्र. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. सिंप्लेक्स, न्यू हिंद, स्वान अशा गिरण्यांच्या जागा त्यात होत्या. २०१६ मध्ये २,६३४ घरं, साडेनऊ लाखांना. त्याच वर्षी पनवेलजवळ कोनला एमएमआरडीएच्या भाडेघरांतली २,४१७ घरं, १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० केलेली, सहा लाखांना. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. या चार सोडतींची बेरीज १५,८७०. अर्ज आले १,७४,१७२. अकरा अर्जांमागे एक घर.

सोडतीत नाव लागणं म्हणजे निम्मीच वाट. खरी गाळणी पात्रतेच्या कागदांवर होते आणि म्हातारे कामगार तिथेच अडकतात. म्हाडाने मागितलेल्या कागदांची यादी मोठी आहे: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ईएसआयसीचा क्रमांक, हजेरीपत्रक, रजेचं रजिस्टर, पगाराची पावती, भरपाईचं पत्र, फंडाच्या हिशेबाचं पत्र, आणि कामगार गेला असेल तर मृत्यूचा दाखला. सगळे कागद एकाकडे नसतात. ज्याच्याकडे लाल पास आहे त्याचा तिकीट नंबर अनेकदा खोडलेला किंवा फाटलेला. बदली कामगाराच्या बाबतीत तर हजेरीपत्रकच खरा आधार. म्हणून घरात जुना ट्रंक असेल तर आधी फंडाची पावती शोधा. फंडाचा क्रमांक मिळाला की गिरणीचं नाव आणि नोकरीचा काळ सरकारी नोंदीवरून ताडून बघता येतो. ओळखपत्रावरचं, फंडातलं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, आडनावाऐवजी गावाचं नाव लागलेलं असेल, तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. वारस अनेक असतील तर एकाच्या नावे संमतीपत्र लिहून घ्या. भावाभावांत वाद राहिला तर घर वर्षानुवर्षं ताब्यात येत नाही.

कोनच्या घरांचं दुखणं वेगळं होतं. सोडत निघाली, पण ताबा लांबला. मधल्या काळात कोविडसाठी इमारती विलगीकरणाला वापरल्या गेल्या. बांधून रिकामी राहिलेली इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर खचते. गच्चीवर पाणी साचतं, नळजोडण्या गंजतात, दारं फुगतात, तारा चोरीला जातात. चावी घेण्याआधी घरातले नळ सोडून दोन तास वाहू द्यावेत आणि खालच्या मजल्याचं छत ओलं होतं का ते बघावं. गळती तेव्हाच लेखी नोंदवली नाही, तर दुरुस्तीचा खर्च नंतर राहणाऱ्यावर येतो.

अलीकडे शेलू आणि वांगणीला हजारो घरं देण्याची योजना निघाली आहे, आणि तिला विरोधही होतो आहे. विरोधाचं कारण साधं आहे. वांगणी-शेलू बदलापूरच्याही पलीकडे, कर्जतच्या वाटेवर. ज्यांनी परळ-लालबागेत आयुष्य काढलं त्यांचे दवाखाने, नातेवाईक, पोरांच्या नोकऱ्या इथे आहेत. गिरणीची जमीन परळला, हक्काचं घर शेलूला, हे गणित त्यांना मान्य नाही, आणि मला ते रास्त वाटतं.

आता त्या जमिनींवर जे उभं राहिलं त्याचा भोवतालावर पडलेला भार. सरकारने नेमलेल्या चार्ल्स कोरिया समितीने १९९६ मध्ये अहवाल दिला. तिचं मुख्य म्हणणं असं की एकेका गिरणीची वेगळी वाटणी करण्याऐवजी गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून आराखडा करावा, मोकळ्या जागा सलग जोडाव्यात आणि परळ-एल्फिन्स्टन (आताचं प्रभादेवी) स्टेशनांभोवती मोठा चौक मोकळा ठेवावा. ते झालं नाही. गिरण्यांच्या जागी हजारो माणसांची कार्यालयं आली, स्टेशनचे पूल मात्र गिरणीच्या पाळीच्या काळातलेच राहिले. गिरणीच्या दिवसांत बहुतेक कामगार चाळीतून चालत यायचे. कार्यालयात काम करणारा कल्याण, विरार, पनवेलहून लोकलने येतो आणि तासाभराच्या खिडकीत येतो. मजले वाढवताना याच फरकाचा हिशेब झाला नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस पडत असताना, परळ आणि एल्फिन्स्टन जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. लष्कराने नवा पादचारी पूल बांधून दिला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, काही महिन्यांत. इतक्या वेगाने होण्यासारखं काम होतं ते.

२०१७ च्याच २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ जण मेले. जुन्या गिरणीच्या आवाराला आतले रस्ते अरुंद असतात, फाटक एकदोन, इमारती एकमेकांना चिकटलेल्या. तिथे खाण्यापिण्याची ठिकाणं आणायची असतील तर अग्निशमनाचा बंब वळेल एवढा रस्ता आणि गच्चीवरून खाली यायचे दोन स्वतंत्र जिने आधी, परवाना नंतर, हा क्रम सोडता येत नाही.

पाण्याचाही हिशेब आहे. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानुसार मुंबईतल्या जुन्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची, तीही अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. नव्या रचनेत तासाला ५० मिलिमीटर आणि मुरण्याचा हिशेब शून्य. म्हणजे उघडी माती उरणार नाही, हे नाल्यांच्या आराखड्यानेच मान्य केलं. दादर-परळजवळचं हिंदमाता बशीसारखं सखल आहे आणि भोवतालच्या गिरण्यांची आवारं काँक्रीटखाली गेल्यावर सगळा उतार तिकडेच धावतो. अखेर महापालिकेला प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधाव्या लागल्या.

मोकळी जागा जमिनीवरच हवी, पार्किंगच्या छतावर नको, हा निवाडाही एका गिरणीच्याच जागेवरून आला. दादरच्या कोहिनूरच्या प्रकल्पात डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमाने सोडायची करमणुकीची जागा जमिनीवर असली पाहिजे, पोडियमवरची त्यात धरता येणार नाही. त्या नियमात १,००१ ते २,५०० चौरस मीटर भूखंडाला १५ टक्के, १०,००० पर्यंत २० आणि त्यावर २५ टक्के जागा सोडायची होती. कारण बागवान माणसाला सांगायला नको: पोडियमवर तीन फूट माती टाकून गुलमोहर लावला तरी त्याचं मूळ खाली जात नाही, आणि पावसाचं पाणी पाइपातूनच बाहेर पडतं.

तुमच्या वॉर्डात असा प्रकल्प येत असेल तर कागद या क्रमाने बघा. आधी मालमत्ता पत्रक: जमीन कोणाच्या नावे, किती चौरस मीटर, भाडेपट्ट्याची असेल तर मुदत कधी संपते. मग विकास आराखड्याचा शेरा: त्या भूखंडावर बाग, शाळा, रस्ता असं काय आरक्षण आहे. मग मंजूर लेआउट. त्यात सार्वजनिक वाटा शोधा आणि पट्टीने मोजा. तो रस्त्याला लागून आहे की मागे कोपऱ्यात? त्याची रुंदी किती? दोन मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब पट्टीही क्षेत्रफळात भरते, मुलांना त्यात खेळता येत नाही. तिथे जायला सोसायटीच्या फाटकातून जावं लागणार असेल तर ती बाग व्यवहारात खासगीच राहते. त्यानंतर आयओडीमधल्या, म्हणजे महापालिकेच्या सशर्त बांधकाम मंजुरीतल्या अटी आणि बांधकामाचं प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने किती मजल्यांपर्यंत दिलं आहे ते. सार्वजनिक वाटा हस्तांतरित झाल्याशिवाय वरच्या मजल्यांची परवानगी नाही, अशी अट तिथे आहे का, हे नक्की तपासा. ही अट नसेल तर टॉवर आधी पुरा होतो आणि बाग शेवटपर्यंत ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोण्यांखाली राहते. नियमच बदलायचा प्रस्ताव असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत महिन्याभराची असते आणि सूचना राजपत्रात येते, तेव्हा राजपत्र बघायची सवय लावून घ्या. गिरण्यांचे नियम आता २०३४ च्या नियमावलीत नियम ३५ म्हणून आहेत.

यानंतरची मोठी जमीन पूर्व किनाऱ्यावर आहे. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, दारूखाना. तिथे जहाजं तोडण्याचे प्लॉट, कापसाची गोदामं, तेलाच्या टाक्या, भाडेपट्ट्यावरचे गाळे आणि बरीच वस्ती आहे. नऊशेहून अधिक हेक्टरांसाठी बंदर प्राधिकरण स्वतःच विशेष नियोजन प्राधिकरण आहे, म्हणजे आराखडा महापालिका नाही तर तेच करतं, त्यामुळे गिरण्यांचा तिसऱ्या हिश्श्याचा नियम तिथे आपोआप लागू होत नाही. ईस्टर्न फ्रीवे आणि शिवडीहून निघणारा अटल सेतू तयार आहेत, मोटारीचा प्रश्न सुटलेला आहे. लोकलचा नाही. हार्बरच्या स्टेशनांचे पूल आणि फलाट मोजायचं काम इमारतींच्या नकाशाआधी व्हायला हवं. मातीचं परीक्षणही आधीच, कारण जहाज तोडताना शिसं, तेल आणि अॅस्बेस्टॉस जमिनीत उतरतं आणि वरच्या फूटभर थराचा नमुना घेऊन ते कळत नाही. भरावाच्या तळापर्यंत बोअर घ्यावे लागतात. आणि आराखड्याचा मसुदा हातात आला की पहिल्यांदा व्याख्यांचं पान उघडा. ‘मोकळी जागा’ या शब्दापुढे शिवडीची खाजण आणि फ्लेमिंगोंची दलदल मोजून हिस्सा भरला आहे, की माणसांना चालायला कोरडी जमीन दिली आहे, ते तिथेच लिहिलेलं असेल.